डाव्या बाजूचा बैल

अंदमान
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

रखमाजी मास्तरांना गेनूचा नमस्कार. लांबूनच करतो, म्हणजे तुमच्या हाताच्या टप्प्यात येत न्हाई.

पाकीट फोडलंत म्हणजे अर्धं काम झालं. फोनवर तुमी माझा आवाज ऐकता आणि "राँग नंबर" म्हणून ठेवता. सात वेळा झालं. मागल्या खेपेला तर "गेनू, हा राँग नंबर आहे" असं माझं नाव घेऊन सांगितलंत. म्हणून लई विचार करून कागदावर आलो. चुका असलेला कागद तुमच्यानं फाडवत न्हाई, हे मला ठाऊक हाय. सोमनाथाच्या लग्नात तुमी अक्षता खिशात ठेवल्या, आधी पत्रिकेतल्या चार चुका काढल्या आणि पत्रिका बोहल्यावर नेऊन नवरदेवाच्या हातात दिली. तर ह्या कागदात चुका भरपूर हाईत. कडेला चार बोटं जागा सोडली हाय. लाल पेनासाठी.

आधीच सांगतो, त्या विषयावर मी ह्या पत्रात काही लिहिणार न्हाई. बैलाचं नावसुद्धा काढणार न्हाई. हे पत्र निव्वळ इंग्रजीचं हाय.

मी हितं समुद्राच्या कडेला एका मोठ्या हॉटेलात हाय. आधी होडीवर व्हतो, मग स्वैपाकघरात, आता धुलाईखात्यात. दिवसभर चादरी. आठ महिन्यांत तिसरं काम, आणि ह्याचाही आता कंटाळा आलाय. तुमी म्हणाल, गेनूच्या बुडाला भिंगरी. म्हणा.

तर हितं एक खातं हाय, त्याला मी माफीखातं म्हणतो. पाहुण्यांनी तक्रार केली, की लगोलग एक जाड कागदाचं कार्ड घ्यायचं, त्यावर हातानं इंग्रजीत माफी लिहायची आणि दाराखालून सरकवायचं. बास. त्याला खुर्ची हाय, पंखा हाय, कॉलरचा शर्ट हाय. लिहिणारी पोरगी लग्न होऊन गेली. आमचे इंद्रजित साहेब बंगाली हाईत. ते म्हणाले, मे महिन्यात परीक्षा घेतो, जो पास होईल त्याची खुर्ची. म्या हात वर केला. सगळी धुलाई हसली.

आता अडचण सांगतो. जुन्या कार्डांत एका ठिकाणी हाय, "सॉरी टू कीप यू वेटिंग". दुसऱ्या ठिकाणी हाय, "सॉरी टू हॅव केप्ट यू वेटिंग". दोन्हीचा अर्थ एकच, ताटकळत ठेवलं म्हणून माफ करा. मग एक आखूड आणि एक लांब का? साहेब म्हणतात, परीक्षेत निम्मे प्रश्न ह्याच्यावरच येणार.

म्या डोकं लावलं. आपल्यात बरोबरीच्याला "ये" म्हणतात आणि मोठ्याला "या". तसंच हे. साध्या पाहुण्याला "टू कीप", आणि समुद्राकडच्या महागड्या खोलीतल्या पाहुण्याला "टू हॅव केप्ट". "हॅव" म्हणजे इंग्रजीतलं "राव". बरोबर का?

नववीत हा धडा तुमी घेतला असणार. मी त्या दिवशी धरणावर व्हतो.

काकूंना नमस्कार. आमच्या आईला सांगू नका मी चादरी धुतो. तिला मी "हॉटेलात साहेबांच्या शेजारी असतो" असं सांगितलंय. ते खोटं न्हाई, साहेबांची खोली भिंतीपलीकडंच हाय.

तुमचा (सगळ्यात मागच्या बाकावरचा)
गेनू


अंदमान
रविवार, १६ मार्च २०२५

मास्तर,

कागद परत आला. देवीला वाहिल्यागत लाल झालाय. एक्केचाळीस चुका. तुमी पत्राला उत्तर दिलं न्हाई, नमस्कार न्हाई, बरा आहेस का न्हाई. नुसतं माझंच पत्र तपासून माघारी धाडलंत. तरी पाकिटावर तुमच्या हातचं "गेनू" बघून मी धुलाईत दोन चादरींना जास्तीचा साबण घातला.

तुमी लिहिलंय, "आदरार्थी नाही, गाढवा. इंग्रजीत तुला आणि राजाला एकच 'यू'." हे मला लई आवडलं. पण तुमचा कागद इथं यायच्या आधी माझ्या हातून कांड झालं व्हतं.

त्याचं असं झालं. साहेब म्हणाले, परीक्षेच्या आधी हात बसू दे, उद्या दहा ते बारा पाणी बंद राहणार हाय, चाळीस खोल्यांना कार्ड लिही. म्हणलं चाळीसच्या चाळीस मोठी माणसं, कुणाला कमी लेखायला नको, सगळ्यांना मानाचं "टू हॅव" लावावं. लिहिलं, "सॉरी टू हॅव स्टॉप्ड युवर वॉटर". संध्याकाळी दाराखालून सरकवलं. पाणी तर चालू व्हतं! पण कार्ड म्हणतंय की बंद केलं. सगळ्यांनी एकदम उठून नळ उघडून बघितले. आंघोळीचे, बेसिनचे, बाहेरचे. कुणी आपापल्या बादल्या भरून ठेवल्या. पंधरा मिनिटांत टाकी कोरडी. पाणी खरंच बंद!

इंद्रजित साहेब मला म्हणाले, "गेनू, बावीस वर्षं या धंद्यात आहे. आधी चूक होते, मग माफी येते. आधी माफी आणि मागून चूक, हे मी आजच बघितलं."

तर तुमचा नियम मी पाठ केला. "टू कीप" म्हणजे जे आत्ता चाललंय किंवा पुढं व्हायचंय. "टू हॅव केप्ट" म्हणजे जे बोलण्याच्या आधीच होऊन गेलंय. पाठ झाला. पण तुमी खाली उदाहरणं दिलीत दोन. "हौश्या सीम्स टू बी वेटिंग." हौश्या वाट बघतोय असं दिसतं. आणि "गेनू सीम्स टू हॅव फरगॉटन." गेनू विसरून गेलाय असं दिसतं.

मास्तर, मी बैलाचं नाव काढणार न्हाई म्हणलं व्हतं. तुमी काढलंत.

ही दोन वाक्यं म्या शेजारच्या मशीनवरच्या संजयला दाखवली. तो परभणीकडचा. म्हणाला, "हौश्या कोण?" म्हणलं, मास्तरांचा बैल. मग त्याला सगळी सावड समजावून सांगत बसलो, की आमच्या पासलीत खाचरं एवढीशी, ट्रॅक्टर उतरत न्हाई, आणि दोन बैल पोसायची ऐपत कुणाची न्हाई. म्हणून मास्तरांचा एक बैल, आमचा एक, दोन्ही मिळून एक जोडी. एक दिवस त्यांच्या खाचरात चिखलणी, एक दिवस आमच्या. पहिला वार, म्हणजे पाळी, एका साली त्यांची, दुसऱ्या साली आमची. आमचे वडील, तात्या, असल्यापासून हेच. त्यांचा हौश्या जुवाच्या उजव्या बाजूला, आमचा गुलब्या डाव्या.

"मग?"

"मग काय. गेल्या मे महिन्यात गुलब्याची अदलाबदल झाली."

"झाली का केलीस?"

परभणीकडची माणसं लई खोचक असतात.

त्याला जे सांगितलं तेच तुमाला सांगतो. वरवे बुद्रुकच्या चिमाजीकडं मोटरसायकल व्हती, काळी, टाकीवर ज्वाळा काढलेली. त्याला बैल हवा व्हता. मला पासलीतून बाहेर पडायचं व्हतं. एस.टी.ची वाट बघून बघून माझं अर्धं आयुष्य फाट्यावर गेलंय, तुमाला ठाऊक हाय. गुलब्याला चालत नेला, गाडीवर बसून निघालो. वरव्यातून चेलाडी फाट्यापर्यंत राजासारखा आलो. फाट्यावर गाडी बंद पडली. गॅरेजवाल्यानं झाकण उघडलं आणि हात जोडले. गाडी तिथंच ठेवली आणि मिळेल त्या वाहनानं मी जो निघालो तो समुद्र लागेपर्यंत थांबलो न्हाई.

संजय म्हणाला, "म्हणजे बैल देऊन चार किलोमीटर घेतलेस."

पण मास्तर, बैल आमचाच व्हता. तात्यांनी घेतलेला. आमचा बैल आमी कुणालाही देऊ.

मी हेच म्हणालो, तर संजय म्हणतो, "बैल तुझा. जोडी कुणाची?"

तेवढ्यात मशीनची शिट्टी झाली.

तुमचा
गेनू

ता. क. चुका ह्या खेपेला कमी केल्यात. मोजून बघा.


अंदमान
रविवार, २० एप्रिल २०२५

मास्तर,

तेहतीस. आठ कमी झाल्या.

पण एक गोष्ट कळली न्हाई. सगळ्या पत्रावर लाल हाय. "खोचक"खाली लाल, ज्वाळांवर लाल. फक्त "आमचा बैल आमी कुणालाही देऊ" ह्या ओळीला पेन लावलेला न्हाई. "आमी"तला ह सुद्धा घातला न्हाई. मी तो कागद उजेडात धरून बघितला. त्या ओळीच्या शेजारी पेनाचं टोक टेकवून उचलल्याचा एक ठिपका हाय नुसता.

त्यापेक्षा "गाढवा" बरं व्हतं.

आणि नवीन धडा दिलात. "ओट टू आस्क" म्हणजे विचारायला पाहिजे, अजून वेळ आहे. "ओट टू हॅव आस्क्ड" म्हणजे विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही, वेळ गेली. खाली उदाहरण दिलं न्हाईत. नको. ते माझं मला देता आलं.

कागद उलटला तर मागं पेन्सिलीनं मोठ्या मोठ्या अक्षरात, "हवशा इकनार हायत. जूनात यापारी येनार. मला फोन कर, ह्यांच्या पाठीमागं." काकूंचं अक्षर. हे तुमच्या नजरेतून सुटलं, न्हाईतर तेही लाल केलं असतंत.

फोन केला. आता चोरून काय ठेवायचं, काय बोलणं झालं ते लिहितो. काकूंवर चिडू नका.

म्हणल्या, "गेन्या मेल्या, जिता हायस व्हय?"

"हाय की काकू. हौश्याला कशाला विकताय?"

"मग काय त्याची पूजा मांडू? एकट्या बैलाचं करायचं काय? गेल्या पावसाळ्यात सोमनाथाचा बैल आणून जोडला. तो बी उजवा, ह्यो बी उजवा. दोघं बी उजवीकडंच घुसत्यात. जुवाची डावी शिवळ, मानेशेजारची खुंटी, मोडली काडकन. मग मास्तरांनी काय करावं? हौश्याला डावं शिकवायला घेतलं! रोज सकाळी गोठ्यात तास. महिनाभर. 'हौश्या, डावा. हौश्या, डावा.' आता पाच वर्षं शिकवून तुला इंग्रजी आलं न्हाई, तर बैलाला यायचंय!"

"मग?"

"मग नापास. पर मास्तर म्हनले, गेनूपरीस बरा, निदान वर्गात तरी बसतो."

मी हसलो. त्या हसल्या न्हाईत.

मी विचारलं, मग आमच्या खाचरांची चिखलणी कुणी केली? आईला फोनवर विचारलं व्हतं तवा ती म्हणाली, झाली बाबा कशीतरी. काकू म्हणल्या, "कशीतरी न्हाई. मास्तर, मी आन तुजी आई. तिघांनी पायानं तुडवून चिखल केला. नऊ दिस. आधी तुमची खाचरं."

"आमची आधी का?"

"सावडीत पयला वार तुमचा व्हता न्हवं? त्येच्या आदल्या साली आमचा झालेला. मी म्हनलं, अवो, त्यो बैल देऊन पळाला, आता कुटला वार? तर मला म्हनले, वार गेनूचा न्हाई, घराचा हाय. तुमची खाचरं होस्तोवर आमची रोपं वाफ्यातच माना टाकून बसली. खालची दोन खाचरं तशीच ऱ्हायली. गवत आलं."

मास्तर, मी इथं वर्षभर आईला विचारत व्हतो, भात कसं झालं. ती म्हणायची, बरं झालं. ते तुमच्या पायांनी झालं, हे तिनं सांगितलं न्हाई. तुमीही एवढं लाल पेन वापरलंत, त्यात हे कुठं लिहिलं न्हाई.

आज पुढं लिहवत न्हाई.

गेनू


अंदमान
रविवार, २५ मे २०२५

मास्तर,

तुमच्या कागदाची वाट न बघता मी हे लिहितोय, कारण मागल्या पत्राचं उत्तर आलं न्हाई. कदाचित त्यात चुकाच नसतील. किंवा लई असतील.

परीक्षा झाली. पहिले वीस प्रश्न रिकाम्या जागांचे. "दे आर सेड टू लिव्ह" का "टू हॅव लिव्ह्ड". प्रत्येक वाक्याला मी एकच विचारत गेलो, ह्याचा वार यायचाय का होऊन गेला? वीसपैकी सतरा बरोबर. धुलाईतलं कुणी हसलं न्हाई.

शेवटचा प्रश्न मोठा. एका नवरा-बायकोला आपल्या होडीनं समोरच्या बेटावर सोडलं आणि परत आणायला कुणी गेलंच न्हाई, दोन तास ती तिथं उभी. त्यांना माफीचं कार्ड लिहा. मी लिहायला लागलो. लिहिलं की तुमाला मधेच एकटं सोडलं. आधी विचारायला पाहिजे व्हतं, ते विचारलं न्हाई. तुमी किती दिवस वाट बघितली ते मला कुणी सांगितलं न्हाई, आणि म्या विचारलंही न्हाई. तुमी उभे व्हता तवा मी गाडीवर मजेत चाललो व्हतो. सगळं इंग्रजीत, सगळीकडं "टू हॅव", आणि चारही ठिकाणी बरोबर.

साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "गेनू, दोन तास आहेत, दिवस नाहीत. आणि ही गाडी कुठून आली? होडी होती." मग म्हणाले, "पण असं वाटतं, की लिहिणाऱ्यानं खरंच काहीतरी केलंय. पास."

खुर्ची मिळाली. पंखा मिळाला. कॉलरही हाय, गळ्याला जरा घट्ट.

पहिल्याच दिवशी साहेबांना म्हणलं, मला जुलैत पंधरा दिवस गावी जायचंय. ते उडालेच. पावसाळ्यात तर माफ्या दुप्पट! होड्या बंद, वीज जाते, न्हाणीघरात बेडूक निघतात. ते म्हणाले, जायचं असेल तर खुर्ची सोडून जा.

मास्तर, खरं सांगतो, पहिला विचार तोच आला. सोडून जावं. माझं आयुष्य सोडण्यातच गेलंय, त्यात अजून एक. पण काकूंचं ते "वार घराचा हाय" कानात व्हतं. मी संजयकडं गेलो. म्हणलं, तू पंधरा दिवस माझ्या खुर्चीवर बस, मी परत आलो की पंधरा दिवस तुझ्या मशीनवर उभा राहतो आणि तू गावी जा. तो म्हणाला, मला इंग्रजी येत न्हाई. म्हणलं, तुला फक्त सरकवता यायला पाहिजे. लिहून मी ठेवतो.

आता मी रोज संध्याकाळी जुलैच्या माफ्या लिहितोय. होडी रद्द, वीस. वीज, तीस. बेडूक, बारा. चहात मुंगी, सहा. इथं मला एक शंका व्हती. बेडूक तर अजून निघालेला न्हाई, मग "टू फाइंड" लिहू का "टू हॅव फाउंड"? पण कार्ड वाचणाऱ्याच्या हातात पडेल तवा बेडूक निघून गेलेला असेल. म्हणजे "टू हॅव". पाण्याच्या वेळी कार्ड आधी पोचलं आणि पाणी मागून गेलं, ती अक्कल आत्ता आली. बरोबर का?

साहेबांनी ती गठ्ठ्यानं रचलेली कार्डं बघितली. विचारलं, हे काय चाललंय? म्हणलं, सावड. ते म्हणाले, हा इंग्रजी शब्द आहे? म्हणलं, न्हाई साहेब, ह्याला इंग्रजी न्हाई. त्यांनी मान डोलावली आणि रजेवर सही केली.

मास्तर, एकच मागणं. जूनमध्ये व्यापारी येईल त्याला जुलैपर्यंत थांबवा. हौश्या विकला तर मी जोडी कुणाची जोडू? मी चिमाजीकडं जाऊन येतो. गुलब्या मिळेल का न्हाई ते ठाऊक न्हाई. न मिळाला तर मी येतो. आपल्यात बैलाच्या एका दिवसाला माणसाचे दोन धरतात. दोन तर दोन.

तुमचा
गेनू


पासली, तुमचीच पडवी
सोमवार, ७ जुलै २०२५

मास्तर,

हे पत्र मी तुमच्यापासून सहा हातांवर बसून लिहितोय. तुमी समोर पेपर वाचताय. तो परवाचा हाय. काल संध्याकाळी मी आलो तवा "कोण?" म्हणालात, काकू म्हणल्या "गेनू", तुमी म्हणालात "राँग नंबर" आणि आत गेलात. म्हणून पुन्हा कागद. काकू मधल्या पोस्टमन. त्यांनी सांगितलंय, पाकीट नको, चहाच्या बशीखाली ठेव.

कागद दमट हाय, अक्षर फुटलं तर ती चूक मोजू नका.

चिमाजीचं सांगतो. वरव्यात त्याच्या दारात गेलो तर तो मला बघून पळतच आला. मला वाटलं मारतोय. म्हणाला, "गेनबा, देवासारखा आलास! न्ये तुजा बैल."

"का? काय झालं?"

"अरं ह्यो अर्धा बैल हाय! जुंपला की चार पावलं चालतो, थांबतो आन उजवीकडं मान वळवून बघतो. शेजारी नवा बैल जोडला तर त्याला हुंगतो आन खाली बसतो. वरीसभर नुसतं खाल्लं त्यानं. बाजारात न्हेला, तिथं बी उजवीकडंच बघत ऱ्हायला. गिऱ्हाईक म्हनलं, मान आखडल्या ह्येची."

"बरं, नेतो."

"आन माजी गाडी?"

"चेलाडीच्या गॅरेजात."

"कशी हाय?"

"हाय तिथंच हाय," म्हणलं. आमी दोघं मिळून गेलो. गॅरेजवाल्यानं गाडीच्या सीटवर वर्षभर कोंबडी बसवली व्हती. चिमाजीनं टाकीवरच्या ज्वाळांवरनं हात फिरवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसाचा जीव कशावर जडेल सांगता येत न्हाई.

चेलाडीहून गुलब्याला घेऊन चालत निघालो. नसरापूर, मार्गासनी, विंझर, वेल्हं. दोन दिवस. मागनं चार एस.ट्या गेल्या. जलमभर ज्या एस.टी.ची वाट बघितली ती वेल्ह्याच्या अलीकडं माझ्याशेजारी थांबली, कंडक्टर म्हणाला, "येतोस का गेनू?" बैलाकडं बोट दाखवून म्हणलं, ह्याचं तिकीट देता का.

वेल्ह्याच्या पुढं गुलब्यानं मला ओढायला सुरुवात केली. रस्ता त्याला माझ्यापेक्षा पाठ.

काल तुमी आत गेलात, त्यामुळं गोठ्यात काय झालं ते तुमी बघितलं न्हाई. का खिडकीतनं बघितलं, ते तुमाला ठाऊक. मला वाटलं दोघं एकमेकांना चाटतील. कसलं काय! हौश्यानं गुलब्याला हुंगलं, एक ढुशी दिली आणि त्याच्या पुढ्यातलं गवत ओढून खाऊन टाकलं. सगळं. गुलब्या गप उभा. हौश्या सावकाश रवंथ करत राहिला, आणि मग आपणहून उजवीकडं सरकला. दावणीची डावी बाजू मोकळी झाली. गुलब्या तिथं जाऊन उभा राहिला.

काकूंनी सांगितलं, जूनमध्ये व्यापारी आला तवा तुमी त्याला म्हणालात, "बैलाची परीक्षा चालू आहे, निकाल लागेपर्यंत देता येत नाही." तो व्यापारी वेल्ह्यात जाऊन सांगत सुटलाय, की मास्तरांना पेन्शन झेपंना.

मास्तर, आता मी माफीखात्यातला माणूस हाय. दिवसाला चाळीस माफ्या लिहितो, बेडकाची माफी तर तोंडपाठ हाय. तुमालाही लिहिली असती, इंग्रजीत, एक चूक न करता. पण आपल्या सावडीत माफी कुणी मागितलेली मी बघितली न्हाई. तात्या आजारी पडून एक वार चुकला व्हता, तवा बरं वाटल्यावर ते पहाटेच तुमच्या बांधावर जाऊन उभे राहिले. तुमी "आलास?" म्हणालात, ते "आलो" म्हणाले. झालं.

गेल्या साली पहिला वार आमच्या घराचा झाला. ह्या साली तुमचा. आईलाही मी तसंच सांगितलंय, ती म्हणाली, हे तुला सांगायला समुद्रापर्यंत जावं लागलं व्हय. तर खालची दोन खाचरं आधी, ज्यात गवत आलंय ती. मग तुमची वरची. मग आमची. रजा पंधरा दिवसांची, येण्याजाण्यात निम्मी जाणार, तरी तुमची सगळी आणि आमची अर्धी होतात, म्या हिशेब केलाय. उरलेली सोमनाथ हाकेल, जोडी तर हितंच हाय. पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा येणार. संजयशी ठरलंय.

आज सोमवार. सोमवारी आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाई. उद्या सकाळी सहाला मी गोठ्यात असेन. तुमी आलात तर बरं, कारण जू एकट्यानं उचलत न्हाई, आणि हौश्या माझं ऐकत न्हाई, तो तुमचा विद्यार्थी हाय.

कडेला चार बोटं जागा सोडली हाय.

गेनू


(त्याच कागदावर, कडेला, लाल शाईत)

१० पैकी ४. "सोमवार" लागोपाठ दोनदा आले आहे, एक काढ. बेडकाचे उत्तर बरोबर.

चहा निवला, पिऊन घे.

जू माळ्यावर आहे. आजच खाली काढून ठेव. डावी शिवळ मे महिन्यातच नवी बसवली आहे.